चौसष्ट जादा पास

डेल्बर्ट क्राउडरच्या डाव्या हाताला मी एकवीस वर्षं बसले. वेस्टकॉट कॉलेजच्या जिममध्ये कोर्टच्या कडेला, मधल्या रेषेसमोर लांब टेबल असतं, त्याच्या टोकाला आमच्या दोन खुर्च्या. तो खेळ बघायचा आणि बोलायचा. मी खेळ न बघता त्याचं बोलणं मशिनमध्ये टाकायची. "शॉट, बावीस. चुकला. रिबाउंड, पाच." बावीस नंबरच्या मुलीचा शॉट चुकला, परत आलेला बॉल पाच नंबरने घेतला, एवढंच. चाळीस मिनिटांच्या सामन्यात तो असं तीन-चारशे वेळा बोलायचा आणि त्यातून प्रत्येक मुलीचे आकडे तयार व्हायचे. दिवसा मी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत जमिनीचे कागद टाइप करायची, म्हणून कोचनी मला हेरलं होतं. डेल्बर्टला कुणी हेरलं नव्हतं. तो कारखान्यातून सुटला की जेवणाचा डबा घेऊन थेट जिममध्ये यायचा, आणि एक दिवस त्याला खुर्ची मिळाली.

तो चुनखडीचा दगड कापायच्या कारखान्यात मोजणीदार होता. खाणीतून आलेला ठोकळा बघून यातून किती तक्ते निघतील, कुठे चीर लपली आहे, हे तो आधी डोळ्यांनी सांगायचा, मग टेप लावायचा. टेप त्याला खोटं पाडत नसे. सबंध दक्षिण इंडियानात शिकागोचे ठेकेदार ज्याच्या शब्दावर दगड उचलत असा तो एकच माणूस, असं त्याची बायको नोरीन सांगायची. अर्थात तिचा सूर कौतुकाचा नसायचा. "घरी मीठ किती पडलं तेही मोजून सांगतो," ती म्हणायची.

बास्केट झाली की झाली, त्यात कुणाचं मत लागत नाही. असिस्टमध्ये लागतं. एकीने पास दिला आणि दुसरीने तो घेऊन लगेच बास्केट केली, तर पास देणारीच्या नावावर असिस्ट पडतो. पण लगेच म्हणजे किती? घेणारीने एकदा बॉल आपटला तर? दोनदा आपटला तर? हुलकावणी देऊन, वळून मग टाकला तर? ते टेबलावरचा माणूस ठरवतो. काही कॉलेजांत घरच्या मुलींना सढळ हाताने देतात. आमच्याकडे डेल्बर्ट होता.

२००३ सालच्या शेवटच्या सामन्यात जेनेल स्पर्जनला पाचशे असिस्ट पुरे करायला एकच हवा होता. पाचशे झाले की जिमच्या भिंतीवरच्या पाटीवर नाव लागतं. दोन मिनिटं उरली असताना तिने पास दिला, घेणारीने हुलकावणी दिली, दोनदा बॉल आपटला आणि बास्केट केली. सगळं जिम उभं राहून ओरडायला लागलं. माझं बोट बटणावर तयार होतं.

"बास्केट, बावीस," डेल्बर्ट म्हणाला. "असिस्ट नाही."

सामना संपल्यावर कोच लोवेल पिट्स टेबलावर हात टेकून उभे राहिले.

"डेल्बर्ट, अरे एक पास. एका पासाने कुणाचं घर बुडतंय?"

"दोनदा आपटला तिने. वर हुलकावणी. ती बास्केट तिची तिने केली."

"पाचशे होतात रे पोरीचे!"

"मग पाचशेवा पास द्यायचा होता."

जेनेल गळ्यात टॉवेल टाकून मागेच उभी होती. तिने हे सगळं ऐकलं. टॉवेलने तोंड पुसलं आणि गेली. चारशे नव्व्याण्णव. गावात बरेच दिवस डेल्बर्टला कुणी कॉफी पाजली नाही, पण दुसऱ्या कॉलेजांत त्याचं नाव झालं. वेस्टकॉटच्या टेबलावरून आलेला आकडा पक्का, असं लोक म्हणायला लागले.

जेनेल गावातच राहिली. लग्न केलं, मोडलं, किराणा दुकानात गल्ल्यावर बसायला लागली. सोळा वर्षं डेल्बर्ट तिच्या रांगेत उभा राहायचा आणि ती विचारायची, "कागदी पिशवी की प्लास्टिकची, मिस्टर क्राउडर?" याहून जास्त कधी नाही. २०१९च्या ऑक्टोबरात मात्र पिशवी भरता भरता ती म्हणाली, "परवा माझ्या मुलीच्या शाळेची सहल कॉलेजात गेली होती. ती पाटी आहे ना पाचशेवाल्यांची, तिथे माझं नाव शोधत बसली. घरी येऊन म्हणते, मॉम, तू खोटंच सांगायचीस तू खेळायचीस म्हणून." आणि मग पिशवी पुढे सरकवत, "दूध वेगळं ठेवलंय. सांडेल नाहीतर."

डेल्बर्ट ते दूध गाडीतच ठेवून माझ्या घरी आला. बूट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला.

"बर्टी, तो पास होता का गं?"

"सोळा वर्षं झाली. आणि मी कुठे बघते? मी तुझं ऐकते फक्त."

"मला दिसतोय अजून. अर्धा होता."

"अर्धा म्हणजे?"

"अर्धा म्हणजे अर्धा. आपल्या मशिनमध्ये अर्ध्याला जागा नाही."

मी त्याला पर्सिमन फळाचं पुडिंग दिलं, ते त्याने चमच्याने नुसतं कालवलं.

त्याच हिवाळ्यात डार्बी लॉकहार्ट आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला होती. तिचा बाप, नाव रे, डेल्बर्टच्याच कारखान्यात ट्रक चालवायचा. २०१२ साली कारखाना बंद झाला तेव्हा डेल्बर्टसारखाच घरी बसला. डार्बी उंचीला बेताची, हात लांब, चेहऱ्यावर कायम झोपेतून उठल्यासारखा भाव. पण तिचा पास! बॉल येतोय हे घेणारीला कळायच्या आत तो तिच्या हातात असायचा. पंचाईत एवढीच की आमच्या मुलींच्या हातात बॉल पडला तरी बास्केट होईलच असं नव्हतं. रिंगखाली एकटी उभी असलेली मुलगी सोपा शॉट चुकवायची आणि डार्बीचा सुंदर पास वाया जायचा. तिच्या नावावर काहीच पडायचं नाही.

"हिने काय पाप केलंय?" डेल्बर्ट तोंडातल्या तोंडात म्हणायचा. इतक्या वर्षांत सामना चालू असताना तो खेळाशिवाय दुसरं काही बोललेला मी ऐकला नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका सामन्यात डार्बीने पास दिला, घेणारी दोनदा बॉल आपटून आत घुसली आणि बास्केट झाली.

"बास्केट, चौदा," तो म्हणाला. जरा थांबला. "असिस्ट, तीन."

तीन नंबर डार्बीचा. मी मान वर केली.

"बोट अडलं का तुझं?" तो कोर्टवरची नजर न हटवता म्हणाला.

मी बटण दाबलं. मी बघत नव्हते असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. पण तो एक मी बघितला होता.

पुढचं वर्ष साथीचं. जिम रिकामं, खुर्च्यांवर प्रेक्षकांऐवजी पुठ्ठ्याचे चेहरे, टेबलावर आमच्या दोघांमध्ये प्लास्टिकची काच. आजूबाजूच्या कॉलेजांची जिमं बंद होती आणि आमच्या काउंटीने आमचं उघडं ठेवलं होतं, म्हणून बाकीच्या टीमच आमच्याकडे यायच्या. बावीस सामन्यांपैकी सतरा घरी, पाच बाहेर. ओरडणारं कुणी नाही, बघणारं कुणी नाही, कोचच्या आरोळीचा प्रतिध्वनी तेवढा घुमायचा. त्या रिकाम्या जिममध्ये डेल्बर्टचा हात सुटला. सामन्याला आधी एक-दोन जादा, मग तीन, मग चार-पाच. मला त्याच्या आवाजावरून कळायला लागलं होतं. खऱ्या असिस्टला तो आकडा लगेच बोलायचा, जादाच्या वेळी आधी श्वास घ्यायचा.

हे आकडे आमच्या टेबलावर राहत नसत. आमच्यासारख्या छोट्या कॉलेजांतल्या मुली मोठी विद्यापीठं ते बघून शिष्यवृत्ती देऊन उचलतात. कुणाचा सामन्याला किती असिस्ट, एवढ्यावर आता कुणी मुलगी घेत नाही. ती कोर्टवर असताना तिच्या साथीदारणींनी शंभर बास्केट केल्या तर त्यातल्या किती तिच्या पासवर, शंभर वेळा बॉल हाती आला तर किती वेळा घालवला, ती खेळताना टीम किती पुढे जाते आणि ती बसली की किती मागे पडते, असलं सगळं आमच्याच नोंदींतून कुठल्या तरी दूरच्या कॉम्प्युटरवर निघतं. रोज सकाळी देशभरच्या मुली त्यावर वरपासून खालपर्यंत ओळीने लागलेल्या असतात. आणि त्या वर्षी मोठ्या विद्यापीठांच्या लोकांना कुठे जाऊन खेळ बघायलाच बंदी होती. आमच्या जिममध्ये एकच कॅमेरा, छताला टांगलेला. त्यात मुली मुंग्यांएवढ्या दिसायच्या. तेव्हा आकड्यांवरच सगळी भिस्त. शंभरात चव्वेचाळीस, डार्बी लॉकहार्ट. आमच्या पातळीच्या सगळ्या कॉलेजांत ती देशात तिसरी होती.

जानेवारीत मला त्याच्या शर्टाच्या खिशात एक वही दिसली. सामना संपला की तो पेन्सिलीने त्यात दोन आकडे शेजारी शेजारी लिहायचा.

"हे काय?"

"एक आपण पाठवलेला. एक खरा."

"मग खराच पाठव की."

"खरं कुठेतरी असू दे म्हणून लिहितो," तो म्हणाला आणि वही खिशात टाकली.

गुरुवारी दुपारी डेल्बर्टकडे आम्ही चौघं पत्ते खेळायचो: तो, नोरीन, मी आणि माझा नवरा. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी फोन वाजला. उत्तरेकडच्या एका मोठ्या विद्यापीठातून सायरस ब्लूम नावाचा माणूस बोलत होता. खेळाडूंचे आकडे तपासून कुणाला घ्यायचं ते कोचला सुचवणं हे त्याचं काम. आवाजावरून पोरसवदा वाटत होता. डेल्बर्टला ऐकू कमी येतं म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्याने लावलेला, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"सर, एकच विचारायचंय. राग मानू नका. तुमच्या जिममध्ये असिस्ट जरा सैल हाताने देतात का? काही ठिकाणी देतात, म्हणून विचारतो. तुम्ही बाहेर पाचच सामने खेळलात. तिथे आकडा कमी दिसतोय, पण पाच सामन्यांवरून मला काही ठरवता येत नाही."

मी माझे पत्ते पालथे ठेवले. डेल्बर्ट फोनकडे बघत होता. वाटलं आता सांगेल. सांगणं किती सोपं होतं तेव्हा.

"तरुण माणसा," तो म्हणाला, "या टेबलावर एक असिस्ट दिला नाही म्हणून एक मुलगी चारशे नव्व्याण्णववर थांबली. कुणालाही विचार."

"ती गोष्ट ऐकलीय मी, सर," सायरस हसला. त्याच्या आवाजातला ताण गेला होता. "म्हणूनच तुम्हाला फोन केला. थँक यू, सर."

फोन बंद झाला. नोरीनने आपले पत्ते नीट लावले.

"तुझी पाळी आहे, डेल्बर्ट," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये डार्बी दोन पत्रं घेऊन त्याच्याकडे आली. मी नोरीनबरोबर मागच्या अंगणात होते, खिडकी उघडी होती. एक पत्र सायरसच्या विद्यापीठाचं. दुसरं शंभर मैलांवरच्या मध्यम विद्यापीठाचं. तिथल्या कोचबाईंनी डार्बीला शाळेत असताना तीन सामन्यांत स्वतः खेळताना पाहिलं होतं. दोन्हीकडे पूर्ण शिष्यवृत्ती, दरवर्षी नव्याने मिळणारी.

"तुम्ही सांगा ना, मिस्टर क्राउडर. डॅड म्हणतात मोठं ते मोठं. पण त्या बाईंना माझा खेळ ठाऊक आहे."

"मोठ्यांना तुझे आकडे ठाऊक आहेत."

"आकडे म्हणजे मीच ना?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मोठ्या विद्यापीठात जा," तो म्हणाला. "अशी संधी तुझ्या बापाला मिळाली नाही, मला मिळाली नाही."

नोरीन हातातलं खुरपं खाली ठेवून आत निघाली होती. दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत आली. का परत आलीस म्हणून मी तिला आजपर्यंत विचारलेलं नाही. ती मला उलटा तोच प्रश्न विचारेल.

डार्बी गेली. हिवाळ्यात आम्ही डेल्बर्टच्या टीव्हीवर तिचे सामने बघायचो. पहिले पाच-सहा सामने त्यांनी तिला सुरुवातीपासून उतरवलं, सगळा खेळ तिच्या हातात दिला. त्यांच्या कॉम्प्युटरने सांगितलं होतं, या मुलीच्या पासवर निम्म्या बास्केट होतात, म्हणून त्यांनी सगळी टीमच तिच्याभोवती रचलेली. समोरच्या मुली आमच्याकडच्यांपेक्षा हातभर उंच. डार्बी चांगले पास द्यायची, नाही असं नाही. पण त्यांना चांगल्यावर भागवायचं नव्हतं. जिथे वाट नाही तिथून ती पास घालायला जायची आणि बॉल घालवायची. तिला स्वतःलाही वाटत होतं ना, की आपण शंभरात चव्वेचाळीसवाल्या आहोत.

"हे असलं ती कधी करायची नाही," डेल्बर्ट म्हणाला.

"असलं तिला कुणी कधी मागितलं नव्हतं," नोरीन म्हणाली.

ख्रिसमसनंतर ती बाकावर बसली. कॅमेरा कधी चुकून तिच्यावर गेला तर ती गुडघ्यांवर कोपरं टेकून बसलेली दिसायची. डेल्बर्ट सामना संपेपर्यंत उठायचा नाही.

फेब्रुवारीत सायरस ब्लूम स्वतः आला. साडेचार तास गाडी चालवून. चौकातल्या खानावळीत दुपारी आम्ही तिघं बसलो. तो तिशीच्या आतला, टाय लावलेला, डोळे लाल. ताटाबाहेर जाईल एवढं मोठं, तळलेल्या मांसाचं टेंडरलॉइन सँडविच त्याच्यासमोर तसंच पडून होतं. त्याने एक कागद पुढे केला.

"घरच्या सतरा सामन्यांत दर सामन्याला नऊ असिस्ट. बाहेरच्या पाचांत साडेचार. आता मी त्याआधीचं वर्षही काढलं. तेच. तुमच्या बाकीच्या मुलींचे घरचे-बाहेरचे सारखे आहेत, सर. फक्त हिचेच वेगळे."

डेल्बर्टने कागदाकडे बघितलंही नाही.

"मी तुम्हाला फोन केला होता," सायरस म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "कोच विचारत होते, टेबलावरचा माणूस कसा आहे? मी म्हणालो, त्या माणसावर माझी नोकरी लावतो. शब्दशः असं म्हणालो."

"आणि?"

"आणि लावली. आता ती मार्चपर्यंतच आहे." तो उठला. "तिची पुढच्या वर्षीची शिष्यवृत्तीही चालू ठेवणार नाहीत. ते तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगू नका. तेवढं तरी करा."

मी त्याच्यामागे गाडीपर्यंत गेले. काय बोलणार होते कोण जाणे. त्याने काच खाली केली आणि मला विचारलं, "मॅडम, बटण तुम्ही दाबायचात?" मी हो म्हटलं. त्याने मान डोलावली आणि काच वर केली.

मे महिन्यात डार्बी परत आली. तिकडे तिला सगळं कळलं होतं. कोचने ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, "तुझा दोष नाही. आम्हाला मिळालेली माहितीच बरोबर नव्हती." सकाळी डेल्बर्टचा मला फोन आला, "ती येतेय म्हणे. तू ये." मी गेले तेव्हा ती पडवीच्या पायरीवर बसली होती आणि तो आरामखुर्चीत, हात मांडीखाली धरून.

"किती होते खरे?" ती विचारत होती.

"डार्बी..."

"डॅड म्हणतात तुम्ही लिहून ठेवलंय. नोरीनने सांगितलं त्यांना. किती?"

त्याने खिशातून वही काढून तिच्या हातात दिली. ती पानं उलटत गेली. प्रत्येक सामन्याचे दोन आकडे. शेवटच्या पानावर त्याने बेरीज करून ठेवली होती.

"पाठवलेले एकशे शहात्तर," ती वाचत होती. "खरे एकशे बारा. चौसष्ट तुम्ही घातले."

"हो."

"बावीस सामन्यांत एकशे बारा. म्हणजे सामन्याला पाच." ती थांबली. ती आकड्यांत हुशार होती, बोटांवर काही मोजलं नाही तिने. "शंभरात अठ्ठावीस येतील."

"अठ्ठावीस."

"आपल्या लीगमध्ये दुसऱ्या नंबरला कोण होतं तेव्हा? ती लाल केसांची. तिचे किती?"

डेल्बर्टला उत्तर माहीत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मला आयुष्यात एवढं वाईट क्वचित वाटलं असेल.

"सव्वीस," तो म्हणाला.

"म्हणजे मी पहिलीच होते."

त्याने मान डोलावली.

"एकशे बारावर मी पहिलीच होते. त्या बाईंनी मला एकशे बारावरही घेतलं असतं. त्यांना तर आकडा नकोच होता." तिने वही मिटली. "मग हे चौसष्ट कशाला? मी तुम्हाला कमी वाटले का, मिस्टर क्राउडर?"

"नाही गं. तू देत होतीस, त्या चुकवत होत्या. तुझे वाया गेलेले पास..."

"वाया गेलेल्यांचे तुम्ही कुठे दिलेत? ज्यांत माझं काही नव्हतं त्यांचे दिलेत."

हे खरं होतं. चुकलेल्या शॉटवर असिस्ट देताच येत नाही, म्हणून तो दुसऱ्यांच्या बास्केटवर तिचं नाव लावायचा. इतकं माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या आलं होतं का, देव जाणे.

"मला तिथे बाकावर बसून रोज वाटायचं की मी काहीतरी विसरले," डार्बी म्हणाली. "इथे जमत होतं, तिथे का नाही जमत, म्हणून पहाटे उठून एकटी पास मारायची भिंतीवर. एक अख्खं वर्ष. आणि मुळात इथेही जमत नव्हतं. निदान हे तरी सांगायचं होतं तुम्ही."

ती उठली. वही तिने त्याच्या मांडीवर ठेवली, फेकली नाही.

"तू का नाही बोललीस, बर्टी?" ती गेल्यावर डेल्बर्टने मला विचारलं.

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय.

"तू शेजारी बसली होतीस. तुला सगळं ऐकू येत होतं. एकदा जरी म्हणाली असतीस, डेल्बर्ट, बस झालं..."

"तू सांगत होतास, मी दाबत होते."

"तेच म्हणतोय मी. दाबलंस."

एकवीस वर्षांत आमचं भांडण झालं नव्हतं. त्या दिवशीही आम्ही आवाज चढवला नाही. मी पर्स उचलली आणि घरी आले. गुरुवारचे पत्ते तिथेच थांबले. तो चुकीचं बोलला असता तर मी दुसऱ्या दिवशी परत गेले असते.

कॉलेजने चौकशी समिती नेमली. तीन जणांनी छतावरच्या कॅमेऱ्याची चित्रं बघून सगळे असिस्ट नव्याने मोजले. डेल्बर्ट वही घेऊन गेला, पण ज्या माणसाने खोटे आकडे पाठवले त्याच्याच वहीतले खरे कसे धरायचे, असं ते म्हणाले, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? आपल्यावर आणखी बोट नको म्हणून ते प्रत्येक ठिकाणी कडक राहिले. जिथे शंका, तिथे असिस्ट नाही. एकशे बाराचे त्यांनी सत्त्याण्णव केले. पहिला नंबर त्या लाल केसांच्या मुलीला गेला, तिने बिचारीने डार्बीला माफीचं पत्र पाठवलं. मध्यम विद्यापीठाच्या कोचबाईंनी तोवर दुसरी मुलगी घेतली होती. पिट्सनंतर आलेल्या आमच्या नव्या कोचने डार्बीला परत घ्यायला नकार दिला. मुलगी चांगली आहे, पण तिच्या नावाबरोबर पुन्हा तेच सगळं निघेल, असं म्हणाली. डार्बीने बास्केटबॉल सोडला. आता ती ब्लूमिंग्टनच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. एकदा माझ्या मनगटाचा काढला. "हात सरळ ठेवा, मिसेस पोटीट," म्हणाली, आणि काम झाल्यावर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

डेल्बर्टला जिमच्या दारातून आत यायला बंदी आहे. अर्थात बंदी नसती तरी तो आला नसता. नोरीन सांगते, टीव्हीवर सामना लागला की उठून गराजमध्ये जातो.

मला समितीने ठेवलं. मी सांगितल्याबरहुकूम बटण दाबलं, माझ्याकडे निर्णय नव्हता, असं त्यांनी कागदावर लिहिलं. खुर्च्या दोनच होत्या आणि माणूस मिळेना, म्हणून पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मलाच बोलायला बसवलं आणि बटणावर एक नवीन मुलगी दिली. इतकी वर्षं मी खेळ बघितलाच नव्हता. आता बघते, आणि प्रत्येक पासाला मला धास्ती वाटते. घेणारीने एकदा बॉल आपटला तरी मी म्हणते, असिस्ट नाही. नुसती वळली तरी म्हणते, नाही. घरच्या जिममध्ये असिस्ट सर्वांत कमी मिळणारं कॉलेज म्हणून आमचं नाव आता त्या रोजच्या यादीत तळाला आहे.

गेल्या महिन्यात सामना संपल्यावर एका मुलीची आई टेबलाजवळ आली. मुलगी यंदा पास छान देते, पण तिला कुठूनच पत्र येत नाही.

"बाहेर खेळतो तेव्हा हिला सात मिळतात, इथे तीन," ती म्हणाली. "घरच्याच टेबलावर असं का हो?"

मी तिला सांगितलं की आम्ही नियमाप्रमाणे मोजतो. ती मुलीचा कोट खांद्यावर टाकून निघून गेली. मी नवीन मुलीला आकडे पाठवायला सांगितलं.